मिशनात गेलेला मुलगा

प्रिय जुझे,

उशिरा लिहितोय, रागावू नकोस. तुला जाऊन दोन वर्षं होऊन गेली आणि बापाचं पत्र आता येतंय. तू फादर व्हायला सेमिनरीत शिकत होतास तेव्हा मी दर महिन्याला लिहायचो. तेव्हा लिहिण्यासारखं काही नसायचं. आज आहे. चौथी शिकलेल्या माणसाच्या चुका तू तेव्हाही पोटात घालायचास, आताही घाल. पत्र पुस्तकी भाषेत लिहावं असं मास्तरांनी शिकवलं होतं, म्हणून असं लिहितो.

मेलेल्या माणसांसाठी नोव्हेंबरात चर्चमध्ये मिस्सा होते, ती तुला आठवत असेल. फादर घरोघरची नावं वाचतात. ज्या घरचं नाव येतं ते घर उभं राहतं. गेली दोन वर्षं मी तुझ्या आईचं नाव दिलं, माझ्या आईबापांचं दिलं. तुझं दिलं नाही. कसं देणार? वाडीच्या लेखी तू जिवंत होतास, लांब गुजरातेकडच्या मिशनात.

तू सेमिनरी सोडून आलास तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पत्र्याची पेटी घेऊन बेड्यापाशी, फाटकात उभा होतास. 'पापा, माका जमला नाय,' एवढंच म्हणालास. मी तुला पाणीसुद्धा विचारलं नाही. 'लोक बगतले, मागल्या दारान ये,' असं म्हणालो. तू थोडा वेळ थांबलास, पेटी उचललीस आणि एसटीच्या रस्त्याला लागलास. तुझी आई तेव्हा हयात नव्हती. असती तर मलाच मागच्या दारी बसवलं असतं.

मी काय करणार होतो, तूच सांग. अख्ख्या वाडीला सांगून बसलो होतो की आमच्या घरात फादर होणार. लोक चर्चमध्ये मला पुढचा बाक द्यायला लागले होते. मग कोणी विचारलं की सांगायचो, 'तेका मिशनात धाडलो.' आणि तू तर वेंगुर्ल्यात, काजूच्या कारखान्यात. दोन एसट्या बदलल्या की संपणारं अंतर.

शेजारच्या बस्त्यावने एकदा मला गाठलं. म्हणाला, 'तुझो झील गावलो माका वेंगुर्ल्याच्या बाजारात. मिशनातसून सुट्टीयेर इलंय म्हणालो. थंयचा अन्न तेका मानवला, जाडो झालो हा.' तोंडावर हसू नाही, काही नाही. मला वाटलं हा माझी थट्टा करतोय. त्या दिवसापासून मी बस्त्यावशी बोलणं टाकलं.

तुझ्या लग्नाला आलो नाही. काविळीने तू गेलास, निरोप आला, तरी मातीला आलो नाही. आलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, कुणाच्या मातीला निघालास? त्या दिवशी मी विहिरीवरचा पंप दुरुस्त करत बसलो. तो बिघडलेला नव्हता.

या वर्षी नवीन फादर आलेत. तुझ्याच वयाचे, वसईकडचे. त्यांनी नावं मागितली तेव्हा मी कागद कोराच घडी करून खिशात ठेवला. शनिवारी कुमसाराला, पापं कबूल करायला बसलो आणि जाळीतून सगळं सांगून टाकलं. मला वाटलं फादर झोपले. मग म्हणाले, 'देवाने तुम्हाला क्षमा केली आहे, ते सांगणं माझ्या हातात आहे. सुनेची क्षमा माझ्या हातात नाही. तिच्या घरी जाऊन या, हेच तुमचं प्रायश्चित्त.'

मी म्हटलं, फादर, प्रार्थनेच्या माळा सांगा, पाहिजे तेवढ्या म्हणतो, गुडघे अजून टिकलेत. ते म्हणाले, 'नको.'

पापमुक्ती मिळाली की हलकं वाटतं म्हणतात. मला गाडीच्या वेळा आठवत होत्या. कुडाळला दुसरी गाडी मिळेल का, वाटेत लघवीला लागली तर काय, घरी कोंबड्यांकडे कोण बघणार. तरी गेलो. सोबत कुळथाचं पीठ घेतलं. रिकाम्या हाताने कसं जायचं?

तुझ्या लीनाने दार उघडलं. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, 'तुमचो झील मिशनात आसा मां? मग हंय कोणाक सोदतास?'

मी पिठाची पिशवी पुढे केली. आतून तुझी क्लारा आली. 'ह्यो कोण गे?'

'तुझो आजो,' लीना म्हणाली. 'मिशनातसून इलो हा.'

पोरीने मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, 'जेवन इलो काय उपाशी?'

तेव्हा लीनाला हसू आलं असावं, कारण तिने तोंड फिरवलं. पाणी दिलं. 'बसा' मात्र पाणी संपल्यावर म्हणाली.

मग तिनेच बस्त्यावची गोष्ट काढली. त्या दिवशी बाजारात ती तुझ्याबरोबर होती. बस्त्यावने विचारलं, तू हंय कसो? आणि तू म्हणालास, मिशनातून सुट्टीवर आलोय. वाडीत मी काय सांगितलंय ते तुझ्या कानावर आलंच होतं. लीना म्हणाली, 'माका इतको राग इलो. मी म्हटलंय, पापा तुमका घरात घेयत नाय आणि तुमी तेंचा खोटा सांभाळतास? तर म्हणाले, जावंदे गे, म्हाताऱ्याक वाडीत तोंड दाखवचा आसा.'

जुझे, तू हे का केलंस? माझ्यासाठी खोटं बोलायला मी तुला सांगितलं नव्हतं.

'आमच्या स्वर्गातील बापा' मी रोज म्हणतो. त्यात क्षमेची ओळ आली की मला वाटायचं, क्षमा मी तुला करायची आहे, आणि ती माझ्याच्याने होत नाही, एवढंच माझं पाप. तू तिकडे मासळीबाजारात उभ्या उभ्या मला क्षमा करून मोकळा झालास, हे मला कोणी सांगितलं नाही. बस्त्यावने सांगितलं होतं म्हणा. मला ऐकता आलं नाही.

परत आल्यावर बस्त्यावकडे गेलो. तो म्हणाला, 'वाडीक सगळा म्हायत होता रे. तुका कोणी सांगाक नाय, इतक्याच.' मग आम्ही चहा घेतला. तुझं नाव मी फादरना दिलं आहे.

आता एक वचन देतो. तुझं नाव वाचलं की मी उभा राहीन. मिस्सा सुटल्यावर दारात कोणी विचारलं, न विचारलं, तरी सांगेन की माझा मुलगा काजूच्या कारखान्यात कामाला होता, त्याला बायको आहे, मुलगी आहे, आणि त्याला घरात मी घेतलं नाही. एवढं सगळं एका दमात जमेल का, याची आतापासून धास्ती आहे. पण सांगेन.

निघताना लीनाला विचारलं, मिस्सेला याल का दोघी? माझ्या शेजारी उभ्या राहाल का? ती म्हणाली, 'बगूया.' बगूया म्हणजे काय, हे तुझी आई म्हणायची तेव्हाही मला कधी कळलं नाही. तुला लीनाचं मन ठाऊक. तू असशील तिथून जरा बघ आणि कसंही करून मला लवकर कळव. आदल्या दिवशी बाजार करायचा आहे. भात एकट्याचा टाकायचा की तिघांचा, हे मला वेळेत समजायला हवं.

तुझा,
पापा