देवघराखालची रानी

२६ जुलै, शनि.
आणली एकदाची. उल्हासनगर कॅम्प १ ते हेंद्रेपाड्यातलं आमचं घर, गाडीत अख्खा वेळ एकच सूर. दिलीप म्हणाला, "हिच्यापेक्षा ट्रकचा हॉर्न बरा." नवऱ्याला कोणी विचारलं नव्हतं.
नाव रानी. वय चार. भगवी, शेपटीचं टोक पांढरं. माझ्या ओळखीच्या सिंधी कमला आंटी तिला सोडून इंदूरला मुलाकडे चालल्यात, कायमच्या. सुनेला दमा, मांजर चालत नाही. रानीबरोबर तिची उशी दिली, ताटली दिली, माझे दोन्ही हात धरून, लेकरासारखं "पुट" म्हणत रडल्या. "पुट, रानी सिर्फ मछली खाती है. उबली हुई. और कुछ नहीं." मी छाती काढून सांगितलं, आंटी, आगऱ्याचं घर आहे आमचं, माशांना काय तोटा!
अंबरनाथला शिवमंदिराच्या वाटेवर बेलपानांचे ठेले दिसले आणि आठवलं. कालच श्रावण लागला. महिनाभर घरात वशाट, म्हणजे मासे-मटण, बंद, आणि मी मासेखाऊ मांजर घेऊन चाललेय. अक्कल गहाण टाकली होती का मी?

२७ जुलै, रवि.
काल घरी येऊन पिशवीची चेन उघडली, रानी सुटली ती थेट देवघराच्या खालच्या कपाटात. दार कोणी उघडं ठेवलं होतं? मीच. आत वाती, कापूर, तेलाची बाटली आणि मागे दोन पिवळे डोळे.
सासूबाई: "अगो भायेर काढ तिला. मना वाती पायजेत."
हात घातला. म्हणून आज अक्षर असं.
त्यात यंदाचा श्रावण साधा नाही, बोललेला आहे. श्रुतीला पुण्यात नोकरी लागली तर महिनाभर घरात वशाट येणार नाही, शिजणार नाही, असं सासूबाई देवासमोर बोलल्या होत्या. नातीला नोकरी लागली, नात गेली पुण्याला. आता नवस फेडायचा आणि तोही माझ्या मांजराने उपाशी राहून.

२८ जुलै, सोम.
दूध-भात: नाही. दूध-पोळी: नाही. तूप-भात: ताटलीला पंजा मारून उलटा केला. शाळेतून हाफ डे टाकून मांजराच्या खाण्याचं पाकीट आणलं. सासूबाईंनी चष्मा लावून पाकीट तपासलं.
"यावर मासा हाय."
"चित्र आहे, आई."
"चित्र कशाचा हाय?"
पाकीट गॅलरीत गेलं. नंतर दोन दाणे लपवून कपाटात ठेवून बघितले, महाराणींनी वास घेऊन तोंड फिरवलं.
चार वाजता आंटींचा फोन. "रानी ने खाया?" मी म्हटलं, हां आंटी, पेट भर के. श्रावणी सोमवार, माझा कडकडीत उपास, आणि तोंडाने खोटं.

२९ जुलै, मंगळ.
नागपंचमी. नागाला दूध ठेवलं, मांजराला दूध ठेवलं. दोघंही आली नाहीत.
डॉक्टरकडे गेले. रानीला नेणं शक्यच नव्हतं, फोटो नेला. फोटोत नुसतं कपाट. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, मांजराला दोन-तीन दिवसांच्या वर उपाशी ठेवू नका, लिव्हरवर येतं, जिवाशी खेळ होतो. जे खात होती तेच द्या. ओढून बाहेर काढू नका, जिथे बसलीय तिथेच द्या.
तिथेच. म्हणजे देवांच्या बरोब्बर पायाशी.
रिक्षात रडू आलं. श्रुती गेल्यापासून मी घरी आल्यावर कुलूप काढायचं, गॅस लावायचा, आणि तोंडाला कुलूप. सासूबाई पोथीत, दिलीप जमिनीच्या फोनांवर. मला हे मांजर हवंय. बस. दुसरं काही कारण नाही.

३० जुलै, बुध.
काल रात्री दिलीपला सांगितलं. एरवी पाण्याचा ग्लास उचलून न ठेवणारा माणूस, ताडकन उठला. "मी करतो! खाली ऑफिसात इंडक्शन आहे." आमच्याच जागेवर उठलेल्या बिल्डिंगीत आम्ही पहिल्या मजल्यावर, त्याचं ऑफिस तळमजल्यावर. ऑफिस म्हणजे घर नाही, असं त्याचं म्हणणं. जमिनीचे व्यवहार करून करून माणूस हद्दी फार चोख सांगतो.
सकाळी सासूबाई अंघोळीला गेल्या. उकडलेल्या माशाचा डबा पदराखाली. मनात म्हटलं, देवा, पाच मिनिटं तिकडे बघ. ताटली आत सरकवली. आधी काहीच नाही. मग चपचप आवाज यायला लागला.
मी तिथेच फरशीवर बसले. स्वतःच्या घरात चोर झाले आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

३१ जुलै, गुरु.
आजही खाल्लं. ताटली चाटून साफ.
पण एक कळेना. दोन तुकडे आणायला सांगितले तर दिलीप बाजारातून अख्खी पिशवी घेऊन येतो. मांजराला मीठसुद्धा नको म्हणून सांगितलंय, मग ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये लिंबू कशाला? "सरबताला." आणि मसाला? "तो आधीपासून होता."

१ ऑगस्ट, शुक्र.
फजिती. लिहायलाही हात धजत नाही, पण लिहिते.
संध्याकाळची आरती. सासूबाई घंटा वाजवतायत, मी टाळ्या, दिलीप शेजारी हात जोडून, चेहरा संतासारखा. कपाटाचं दार हललं. रानी बाहेर आली! सहा दिवसांत पहिल्यांदा. मी आरती विसरले. चालत चालत दिलीपपाशी गेली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि त्याचे जोडलेले हात चाटायला लागली. एकेक बोट. मन लावून.
घंटा थांबली.
सासूबाईंनी त्याचा हात धरला, नाकाशी नेला. बावन्न वर्षांचा माणूस, पाचवीतल्या पोरासारखा उभा.
"बांगडा," सासूबाई म्हणाल्या.
नुसता मासा नाही, कुठला तेही कळलं. आगऱ्याची लेक, त्यांना काय सांगायचं!
मग माझं पदराखालचंही सगळं बाहेर आलं.

२ ऑगस्ट, शनि.
सासूबाई दुपारी जेवल्या नाहीत. मग एकच वाक्य: "उद्या ती बाय इंदूरला जायची हाय ना? ती जायच्या आत मांजार देऊन ये."
मी इतक्या वर्षांत त्यांना उलट बोलले नव्हते. म्हणजे मनात खूप. तोंडाने आज. म्हटलं, आई, ती बाई हिला कुठे नेणार? कोणाच्या तरी पायरीवर ठेवून जाईल. आणि तुम्ही श्रुतीसाठी बोललात, श्रुतीचं भलं झालं, पण ती गेल्यावर घर मला खायला उठतं, ते कोणत्या देवाला सांगू? डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. उपाशी ठेवलं तर मरेल. आपल्या देवघराखाली मरेल, चालेल तुम्हाला?
"श्रुतीचं काय वाकडं झालं तर?" त्या म्हणाल्या. मग मला कळलं की ही बाई चिडलेली नाहीच. घाबरलेली आहे.
दोघी रडलो, वेगवेगळ्या खोल्यांत.

३ ऑगस्ट, रवि.
सकाळी खडखडाटाने जाग आली. बघते तर सासूबाई अंघोळ करून एकेक देव उचलून स्वतःच्या खोलीत नेतायत. शिलाई मशीनवर पाट, पाटावर धुतलेलं वस्त्र, त्यावर अख्खा परिवार. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, खंडोबा, सगळे दाटीवाटीने.
"आई, हे काय?"
"देवाला सांगून हालवता येतं. हिला काय सांगशील?"
मग कपाटाभोवती फरशीवर खडूने रेघ मारली, थेट खिडकीपर्यंत. म्हणाल्या, घरात वशाट येनार नाय बोलली व्हती. या रेघेच्या पलीकडं घर नाय. तो कोपरा तिचा.
दिलीपने हद्दींचं ज्ञान कुठून घेतलं ते आज समजलं.
अट एक: मासा घरातून जाणार नाही. मग? खिडकीतून. सासूबाईंनी जुनी कळशीची दोरी काढली. दिलीप खाली ऑफिसच्या दारात उभा, डबा दोरीला बांधतो, मी वरून ओढते, डबा खिडकीतून थेट रेघेच्या आत. समोरच्या बिल्डिंगीतल्या बायका गॅलरीत येऊन उभ्या. एकीने विचारलं, "वहिनी, कसलं व्रत आहे हो?"
चारला आंटींचा फोन, स्टेशनवरून. "खाया?" आज खरं सांगितलं. खाया आंटी. उबली हुई.
त्या गेल्या. रानी राहिली. मी दोन वेळा जेवले.

९ ऑगस्ट, शनि.
काल नारळीभात केला. रानी आता रेघेपर्यंत येऊन बसते, पलीकडे बघते. मी "ये ये, राणी, सोन्या" करून घसा कोरडा केला. नाही आली.
दिलीपने नवीन शोध लावलाय. उत्तरेकडचा श्रावण राखीला संपतो, म्हणजे आज संपला, मोबाईलवर दाखवत होता. सासूबाई: "मंग जा उत्तरेला."

१४ ऑगस्ट, गुरु.
आता मात्र हद्द झाली.
शाळेतून आले. घर शांत. सासूबाईंच्या खोलीतून पोथीचा आवाज. डोकावले. मशीनवर देव, खाली सतरंजीवर सासूबाई, आणि त्यांच्या गुडघ्याला टेकून महाराणी! रेघ ओलांडून, हॉल ओलांडून, देवांच्या मागोमाग मुक्काम हलवलेला. म्हणजे जिच्यासाठी देव उठवले ती पुन्हा देवांपाशीच.
"आई!"
"मी काय बोलावली नाय," पोथीतून मान वर न करता. एक हात पोथीच्या पानावर. दुसरा रानीच्या कानामागे.
ओरखडे कोणी खाल्ले? मी. रिक्षातून डॉक्टरकडे कोण गेलं? मी. रोज दोरी कोण ओढतं? मी. आणि हिने मला अजून बोट लावू दिलेलं नाही. मेली कृतघ्न. (मांजर. सासूबाई नाही.)

१९ ऑगस्ट, मंगळ.
चारच्या फोनवर आता माझं काम नाही. आंटी आणि सासूबाई, दोघींची मैत्री जमलीय. आंटींनी शिकवलं, रानीला "अच, अच" म्हणायचं, सिंधीत ये ये. आमच्या घरात दिवसभर अच अच. आणि येते सुद्धा! मी तीन आठवडे मराठीत कपाळ फोडलं.
सासूबाईंचं हिंदी: "कमला, तुमारा मांजार आज दो बार हमारे अंग पे सोया." उत्तरादाखल आंटी हसतात, मग पुन्हा पुन्हा विचारतात, "दो बार?" फोन ठेवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तिचा बरा नाय चाललाय थितं."

२४ ऑगस्ट, रवि.
काल श्रावण संपला. आज बांगडे, सुरमई, चिंबोऱ्या, सगळं एकदम. दिलीप जेवताना फक्त श्वास घ्यायला थांबत होता. सासूबाईंनी श्रुतीला व्हिडिओवर ताट दाखवलं. नवस फिटला, पोरगी खुशाल, देवाची कृपा. खडूची रेघ मी पुसायला घेतली तर म्हणाल्या, राहू दे. बुधवारी गणपती, आणि ते दर वर्षी बसतात त्याच कोपऱ्यात. यंदा कुठे बसवायचे ते कोणी बोलत नाही.

२५ ऑगस्ट, सोम.
आज पावणेचारला मी सोफ्यावर भाजी निवडत होते. रानी आली, भाजीच्या ताटाचा वास घेतला, आणि माझ्या मांडीवर चढून बसली. मी हलले नाही. गवार तशीच. पाय बधिर झाला तरी हलले नाही. सासूबाई समोर बसून बघत होत्या, तोंडावर काही नाही, पण टीव्ही बंद केला त्यांनी.
चारला फोन, स्पीकरवर. आंटींनी आज "खाया?" विचारलं नाही. म्हणून मीच विचारलं, आंटी, आपने खाया?
आधी नुसतं "हां, हां" म्हणाल्या. मग हळूहळू सांगायला लागल्या. सून वाईट नाही, ताट खोलीत आणून देते. पण हॉलमध्ये मोठा टीव्ही, सगळे मोठ्याने बोलतात, कोणती वस्तू कुठे तेही कळत नाही. मी आपली दार लोटून आत बसते. तीन आठवडे झाले. "दिल नहीं लगता, पुट. मैं दिवाली के बाद वापस आ रही हूँ. कॅम्प में कमरा देख लूँगी. रानी को तैयार रखना."
माझा हात रानीच्या पाठीवर होता. तिथेच राहिला.
सासूबाई उठून आल्या, फोन तोंडाशी धरला. "कमला, सुनो. तुम खाना खाओ पयले. बेटे को बोलो, खिडकी के पास बैठने को जगा दो, तुमारा अकेली का. वो मोठा आवाज का आदत होता है, मगर टाइम लगता है. हमारा घर में भी लगा." पलीकडे आंटी रडत होत्या की हसत होत्या, कळलं नाही. "और दिवाली को आओ. इदर आओ, हमारे घर. कमरा बिमरा मत देखो."
फोन ठेवला. मी विचारलं, आई, त्या रानीला न्यायला येतायत की बघायला?
"मना काय म्हाईत," म्हणाल्या, आणि गवार निवडायला घेतली. बराच वेळ एकच शेंग हातात होती.