सातव्या ग्रीनवर न सापडलेले गवत

मी, ललिता लहानू रोकडे, वय सत्तावीस वर्षे, धंदा नोकरी, राहणार दिघाशी, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आहे ते माझे मलाच आहे. ते कायद्यात धरत नाहीत, असे वकीलसाहेबांनी सांगितले.

कारण असे की, येत्या मंगळवारी माझ्या गळ्यातील गाठीचे ऑपरेशन आहे. डॉक्टरांच्या मते ते साधे आहे. परंतु संमतीपत्रात "मृत्यू" हा शब्द दोन वेळा आणि "आवाज कायमचा जाणे" हे एक वेळा आले आहे, आणि मी न वाचता कोणत्याही कागदावर सही करत नाही. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. राशनकार्डापासून विजेच्या बिलापर्यंत घरात आलेला प्रत्येक कागद मी लहानपणापासून दोनदा वाचत आले आहे.

वकीलसाहेबांनी खाडाखोड करू नका असे बजावले आहे. म्हणून काही बदलावे लागले तर आधीचे न खोडता त्याच्या खाली दुरुस्ती लिहीन.

कलम १. घर. दिघाशीतील राहते घर वडिलांच्या नावावर होते. आई-वडील दोघेही हयात नाहीत. घरात निम्मा हिस्सा माझा आणि निम्मा धाकटा भाऊ ओमकार याचा आहे. माझा निम्मा हिस्सा मी माझी आत्या मंदा हिला देते. माझ्या जन्माच्या आधीपासून ती या घरात राहते. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. त्यानंतर मला तिनेच वाढवले. तरी पाहुणे आले की ती उंबऱ्याजवळ बसते, कारण घर भावाचे आहे. यापुढे तिने मधोमध बसावे.

कलम २. बँकेत जे असेल ते ओमकारचे. माझी स्कूटरही त्याची. राहनाळच्या गोडाऊनला शिफ्ट संपल्यावर त्याला रिक्षासाठी ताटकळावे लागते. मात्र एक गोष्ट इथे नोंदवते. चार वर्षांपूर्वी आत्याची शिवणाची मोठी कात्री फ्लेक्स कापताना त्याने बोथट केली आणि माझे नाव सांगितले. मी तेव्हा गप्प राहिले. त्याने ती अंबाडीच्या बाजारात नेऊन धार लावून आणावी.

कलम ३. रीमा, माझी मैत्रीण आणि ऑफिसातली सहकारी, हिला माझी निळी छत्री द्यायची होती. परंतु ती साक्षीदार म्हणून सही करणार आहे, आणि ज्याला काही मिळणार त्याने साक्ष देऊ नये असे वकीलसाहेब म्हणतात. म्हणून छत्री मी तिला आजच देऊन टाकली. ती म्हणाली, "नोव्हेंबरात छत्री देतेस, वेडी आहेस का?"

कलम ४. एक शाल, एक लाकडी सन्मानचिन्ह आणि एक प्रमाणपत्र. ही तिन्ही माझ्या कपाटात वरच्या फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली आहेत. ही कोणाला द्यायची ते ठरवताना मी थांबले. मृत्युपत्राने आपले आहे तेच देता येते. ही माझी नाहीत. ती माझी का नाहीत ते आता लिहावे लागेल.

आमच्या गावाबाहेर नऊ होलचे गोल्फचे मैदान आहे. शेठ केसरीनाथ यांनी ते बांधले. मी पंधरा वर्षांची असताना ते बंद पडले. तिथे आत्या पंधरा वर्षे निंदणीला होती. होलभोवती जी बारीक, जाजमासारखी कापलेली हिरवळ असते तिला ग्रीन म्हणतात. त्या ग्रीनमध्ये उगवलेले परके गवत उकिडवे बसून, एकेक काडी धरून मुळासकट काढायचे, हे तिचे काम. माझी फी आणि वह्या त्या कामातून झाल्या, आणि पुढे कृषी पदविकेचा खर्च त्यातून साठवलेल्या पैशांतून झाला. लहानपणी मी चौथ्या ग्रीनच्या कडेला रिकाम्या खताच्या गोणीवर बसून पाढे म्हणत असे.

मैदान बंद झाले त्या आठवड्यात आत्याने दोन घमेली भरून ग्रीनवरचे ते बारीक गवत मातीसकट घरी आणले आणि न्हाणीच्या दगडामागे लावले. दोन खाटा मावतील एवढी जागा. भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण. दर तिसऱ्या दिवशी ती कात्रीने ते कापत असे. उन्हाळ्यात तांदूळ धुतलेले पाणी तिथे जाई. शेजारचा दामूकाका कुंपणापलीकडून म्हणे, "मंदे, शेळी खात न्हाय, गाय खात न्हाय, मग हे हाय कोनासाठी?" आत्या म्हणे, "कापलं न्हाय तर मरतं." एवढेच तिचे उत्तर. गावात तिला गवतवाली म्हणत. शाळेतल्या मुली मला गवतवालीची भाची म्हणत. ते नाव मला नको होते.

दोन वर्षांपूर्वी शेठचे चिरंजीव मितेशसर यांनी मैदान पुन्हा सुरू करायचे ठरवले आणि मी मुलाखतीला गेले. पहिलाच प्रश्न होता, "गोल्फचं मैदान कधी जवळून पाहिलंय का?" मी "नाही" म्हणाले. निंदणीवालीची भाची म्हणून बाहेर उन्हात पाठवतील आणि ऑफिसात घेणार नाहीत, अशी मला भीती वाटली. मला नोकरी मिळाली. हिरवळ देखभालीची सहाय्यक.

बाहेरून आणलेले गवत आमच्या पावसात पिवळे पडले. मितेशसर म्हणाले, "बाबांच्या वेळचं गवत इथं टिकायचं. कुठं एक मूठ जरी जिवंत मिळालं तरी बघ." नऊही ग्रीनवर गुरे फिरून रानगवत माजले होते. तीन आठवडे मी गुडघ्यांवर रांगत शोधले. एक काडीही मिळाली नाही. मग एका संध्याकाळी घरी न्हाणीच्या दगडावर पाय धुताना पाणी जिथे गेले तिकडे पाहिले. ते गवत मी रोज पाहत होते.

"आत्या, यातलं थोडं घेऊ?"

"घे की. किती होवं?"

स्टीलचा पेला दाबून मी दहा गोल तुकडे काढले. त्यांतला एक मी पहाटे सातव्या ग्रीनच्या कडेला नेऊन लावला, आणि चौथ्या दिवशी मितेशसरांना तिथे नेऊन "सापडला" म्हणून दाखवला. अहवालात लिहिले: "मूळ गवताचा स्रोत, सातवे ग्रीन, उत्तर बाजू." बाकीचे तुकडे रोपवाटिकेत वाढवले. आज नऊ ग्रीनवर जे आहे ते सगळे त्या दहा पेल्यांचे आहे.

पुढे निंदणीच्या बायकांची यादी करायचे काम माझ्याकडे आले. वयाची अट पंचावन्न. आत्या तेव्हा सत्तावन्नची होती. नात्यातल्या माणसाला सूट देऊ नये, म्हणून मी तिचे नाव कापले. तेव्हा मला मी फार प्रामाणिक वाटले. खरे कारण असे की, ती तिथे आली असती तर बायकांशी बोलता बोलता गवताचे निघाले असते. आत्या म्हणाली, "नियम तो नियम. बरोबर केलंस."

फेब्रुवारीत उद्घाटन झाले. गोडाऊनच्या कंपन्यांचे मोठे साहेब आले होते. मला शाल, सन्मानचिन्ह आणि प्रमाणपत्र दिले. सातव्या होलपाशी माझ्या नावाचा बोर्ड लावला: "येथे मूळ गवत जिवंत सापडले." गावकऱ्यांना दोरीमागे उभे केले होते. आत्या कांजी केलेले पातळ नेसून आली होती. ती ग्रीनकडे पाहत दोरीखालून दोन पावले आत आली, तेव्हा वॉचमनने तिला दंडाला धरून मागे नेले. मी व्यासपीठावर होते. मी पाहिले, आणि मग हातातल्या कागदाकडे पाहू लागले. त्या कागदावर काही लिहिलेले नव्हते.

घरी आल्यावर ती मला फक्त एवढेच म्हणाली, "सातव्याला कडेला लव्हाळा उगवलाय. काढून टाक."

सबब, शाल, सन्मानचिन्ह व प्रमाणपत्र आत्याचे आहे. हे कलम माझ्या मृत्यूनंतर ओमकारने मितेशसरांना वाचून दाखवावे. तोपर्यंत हा कागद पाकिटात बंद राहावा.

गुरुवार, १३ नोव्हेंबर.

दुरुस्ती, शनिवार, १५ नोव्हेंबर. पाकीट बंद करण्याआधी कलम १ आत्याला समजावून सांगणे योग्य, असे वाटले. घराचे ऐकून ती म्हणाली, "म्हंजे सही मी न्हाय करायची?"

"नाही. तू लाभार्थी आहेस."

"राशनच्या दुकानात पन तेच लिवलंय. आनि मिळतो निस्ता तांदूळ." मग तिने विचारले, "या पानावर येवढं काय लिवलंस?"

मी कलम ४ वाचले. वाचून झाल्यावर मी मान वर केली नाही. शेवटी वर पाहिले. तीही खालीच पाहत होती.

"चोरी होती ती," आत्या म्हणाली. "शेठचं गवत. कोनाला न विचारता घमेल्यात भरून आनलं. वरून पातळ टाकलं होतं. येवढी वर्सं मला वाटं, कोन ना कोन विचारनार, हे कुठून आनलंस. तू लिवलंस सातव्यावर घावलं, मला बरं वाटलं. म्हटलं, पोरीनं झाकलं."

म्हणजे माझे खोटे बोलणे तिने माझे उपकार समजून घेतले होते. हे मला बाकी सगळ्यापेक्षा जड गेले. मी म्हणाले, "आत्या, मी तुला झाकण्यासाठी नाही लिहिलं. मला तुझी लाज वाटत होती."

"ते म्हाईत हाय," ती म्हणाली. "शाळेपासून म्हाईत हाय. गोनीवर बसायचीस ना, तवा कोन साहेब आला का पाठ करून बसायचीस."

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, माफी ठेव, कागदाचं बोल. हा कागद कधी उघडणार, असे तिने विचारले. मी मेल्यावर, असे सांगितले.

"आनि न्हाय मेलीस तर?"

मी कागद पाकिटात सरकवू लागले.

"मी अठ्ठावनची हाय. तू सत्तावीसची. म्हंजे मी मेल्यावरच उघडंल हे." ती उठली आणि कात्री घेऊन मागच्या दाराकडे गेली. दारातून म्हणाली, "सांगायचं आसंल तर मंगळवारच्या आधी सांग. आवाज गेला मग काय हातवारे करनार? माझी चोरी पन सांग. अर्धं सांगू नको."

त्याच दुपारी मी मैदानाच्या ऑफिसात जाऊन हा कागद मितेशसरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो सावकाश वाचला. पेल्याचा भाग परत मागे जाऊन वाचला.

"मी त्या तुकड्याचे फोटो काढून बाबांना दाखवले होते," ते म्हणाले. "बाबा रडले होते, ललिता." नंतर म्हणाले, "बोर्ड उतरवायला लागेल. तुझ्या नोकरीचं आत्ता काय बोलत नाय. ऑपरेशन करून ये, मग बघू." मी हो म्हणाले. ते त्यांनी योग्यच सांगितले. मी दरवाजापाशी गेल्यावर त्यांनी विचारले, "ते गवत आजून हाय तिथं?"

आणखी दुरुस्ती, रविवार, १६ नोव्हेंबर. मितेशसर सकाळी घरी आले. आत्याने पुढे होऊन सांगितले, "शेठ, मी ते चोरून आनलं होतं." ते म्हणाले, "माल तर परत केलात ना, आत्या. पेल्यानं का होईना." ओमकार हसला. मी हसू शकले नाही.

मागे गेल्यावर ते गवतावर पाय ठेवणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, "बूट काढा."

त्यांनी बूट काढले, मोजेही काढले. मग ते न्हाणीच्या दगडामागे, दोन खाटांच्या त्या जागेत उभे राहिले आणि पायाच्या बोटांनी गवत दाबून पाहू लागले. बराच वेळ झाला तरी ते बाहेर आले नाहीत. शेवटी त्यांनी विचारले, "लव्हाळा कुठं म्हणालात?"

"सातव्याला, वरच्या कडंला. वरनं उपटून जात न्हाय तो. खाली गाठ आसते, ती काढायला लागते."

"कामावर या. वयाची अट मीच घातली होती, मी काढतो."

"कामाला न्हाय येनार," आत्या म्हणाली. "गुडघं न्हाय ऱ्हायलं. बघायला येईन. पन दोरीच्या आतून."

सर म्हणाले, "या."

यावरून कलम ४ मधील मृत्यूनंतरची व पाकिटाची अट मी रद्द करते. ते कलम माझ्या हयातीतच अमलात आले आहे. शाल आत्याने घेतली. थंडीत उपयोगी आहे, म्हणाली. सन्मानचिन्ह तिला नको, ते मितेशसरांनी परत नेले. प्रमाणपत्रावर माझे नाव आहे. ते तसेच कपाटात राहावे, आणि माझ्या मागे ज्याच्या हाती पडेल त्याने ते या कागदासोबत वाचावे. हे सगळे सांगितल्याने माझी लाज संपली, असा माझा दावा नाही.

कलम १ ते ३ जसेच्या तसे कायम. कलम २ ऐकून ओमकारने काल कात्री धार लावून आणली, म्हणून त्याच्यावरची तक्रार मागे घेते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्याने करावी.

हे सर्व मी दोनदा वाचले, आत्याला एकदा मोठ्याने वाचून दाखवले आणि मग सही केली. साक्षीदारांनी माझ्या समक्ष, मी सही करताना पाहून, सह्या केल्या.

सही: ललिता लहानू रोकडे

साक्षीदार १: मितेश केसरीनाथ भोईर, मैदानाचे मालक

साक्षीदार २: रीमा दत्ताराम साळवी, नोकरी (छत्री आधीच मिळाली, या कागदाद्वारे काही नाही)

लाभार्थीची सही कायद्याने लागत नाही, तरी आत्याने करायची म्हटली. ती माझ्यानंतर रात्रशाळेत शिकली तशी: मंदा

ठिकाण: दिघाशी, घरामागे, गवतावर. सर्वजण अनवाणी.

दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५