गैरहजर नव्हे, मृत : कालकथित पुंडलिक मेश्राम यांच्या नोंदीत दुरुस्ती होण्याबाबत

दिनांक : १६ जून २०२५
कॅम्प-१, भिलाई

प्रति,
मा. सदस्य-सचिव,
नैतिकता समिती, धमनीदाह प्रतिमांकन अभ्यास,
भिलाई, जि. दुर्ग (छत्तीसगढ)

विषय : सहभागी क्र. ४७ यांच्या नावापुढील "संपर्क तुटला" हा शेरा काढून "मृत्यू" अशी नोंद घेणे व त्यानुसार पुढील कार्यवाही करणे.

संदर्भ : १) आपले पत्र दि. १२ मार्च २०२५. २) आपले उत्तर दि. २ मे २०२५.

अर्जदार : रत्नमाला पुंडलिक मेश्राम, शालेय ग्रंथपाल; सहभागी क्र. ४७ यांची मुलगी.

महोदय,

१. हा अर्ज मराठीत आहे. आपल्या कार्यालयाचा कारभार हिंदी-इंग्रजीत चालतो, हे अर्जदारास ठाऊक आहे. परंतु आपल्या संमतिपत्राच्या कलम ११ नुसार सहभागी अथवा त्याचे वारस संमतीच्या भाषेत तक्रार करू शकतात, आणि अर्जदाराच्या वडिलांनी मराठी प्रतीवर सही केली होती. भिलाईत चव्वेचाळीस वर्षे काढल्यावर कुणीतरी त्यांच्यापुढे मराठीत छापलेला कागद ठेवला, याचेच त्यांना अप्रूप वाटले. तो त्यांनी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा अर्जदाराच्या आईला ऐकू जाईल असा मोठ्याने. आपण तो कितीदा वाचला आहे, हे विचारण्याचा अर्जदाराचा हेतू नाही.

२. कालकथित पुंडलिक रामाजी मेश्राम हे पोलाद कारखान्यातून निवृत्त झाले होते. वितळलेले पोलाद वाहून नेणाऱ्या प्रचंड बादलीला तिथे लॅडल म्हणतात. तिच्या आत विटांचे अस्तर असते. ते कुठे खाल्ले गेले आहे, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून कॅमेऱ्याने बाहेरच्या पत्र्याची उष्णता पाहतात. कुठे तापलेला डाग दिसला की लॅडल बाजूला काढायची, त्या जागी खडूने गोल करायचा, आणि अस्तर तपासून होईपर्यंत तिच्याखाली कुणी उभे राहायचे नाही. अर्जदाराच्या वडिलांनी सव्वीस वर्षे हे डाग शोधले.

३. आपला अभ्यासही डागांचाच आहे. सहभागीला उपाशीपोटी बोलवायचे, किरणोत्सारी खूण लावलेली साखर टोचायची, दोन तास गप्प बसवायचे आणि मग पेट स्कॅन काढायचा. रक्तवाहिनीत साचलेल्या थरात दाह असेल, तर तिथल्या पेशी ती साखर अधिक ओढून घेतात आणि चित्रात ती जागा केशरी दिसते. नळी किती अरुंद झाली यापेक्षा थर आतून किती धुमसतो आहे, यावर तो फुटण्याचा धोका अवलंबून असावा, असे आपण तपासत आहात. हे सारे संमतिपत्रात आहे. वडिलांना ते समजावून सांगावे लागले नाही. उलट त्यांनीच ते घरी समजावून सांगितले.

४. दि. ९ जानेवारी २०२४ रोजी त्यांचा स्कॅन झाला. स्कॅननंतर आपल्या एका तंत्रज्ञाने, त्यांनी विनंती केल्यामुळे, पडदा त्यांच्याकडे वळवला. मानेच्या डाव्या बाजूला केशरी डाग होता. हा काय आहे, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, "अंकल, ये सिर्फ रिसर्च के लिए है." घरी आल्यावर जेवताना वडील म्हणाले, "डाव्या मानेत हॉट स्पॉट दिसून राहिला. पन थे शिकलेले लोकं आहेत. काही असन त सांगतीन." डाग पाहूनही ते स्वस्थ बसले, असे तेव्हा एकदाच घडले. तंत्रज्ञाचे नाव अर्जदारास ठाऊक आहे. ते या अर्जात नाही आणि विचारल्यास मिळणार नाही. आपल्या संपूर्ण अभ्यासात सहभागीला माणूस समजण्याची चूक त्या एकट्याकडून झालेली दिसते.

५. आपल्याकडून जो अहवाल आला, त्यात इतकेच होते : "ग्रीवाधमनी अरुंदता तीस टक्के. विशेष काही नाही." डागाचा उल्लेख नव्हता. दि. २१ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी दाढी करताना वडिलांच्या हातातून वस्तरा गळला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिसऱ्या दिवशी ते गेले. रुग्णालयाच्या कागदांत डाव्या ग्रीवाधमनीतील, म्हणजे मानेतल्या डाव्या धमनीतील, थर फुटून गुठळी मेंदूत गेल्याचे लिहिले आहे. त्या डागामुळेच हे झाले, असा अर्जदाराचा दावा नाही. ती डॉक्टर नाही. तसे होते का, हे शोधण्यासाठी तर आपण बसला आहात.

६. यानंतर आपला आणि अर्जदाराचा पत्रव्यवहार सुरू होतो. जानेवारी २०२५ मध्ये वडिलांना दुसऱ्या स्कॅनचे बोलावणे आले : बारा तास उपाशी राहून यावे. अर्जदाराची आई मनकर्णाबाई यांनी ते पत्र ऐकले आणि म्हणाल्या, "याइच्याऊन जास्त उपाशी मानूस कुठून आनू मी?" फेब्रुवारीत स्मरणपत्र आले. मार्चमध्ये संदर्भ क्र. १ चे पत्र आले, त्यात सहभागी "वारंवार कळवूनही गैरहजर" असल्याबद्दल खेद व्यक्त करून त्यांना "संपर्क तुटलेले" ठरवण्यात आले होते. कारखान्यात एकही खाडा न केलेल्या माणसाच्या नावावर आपण मरणोत्तर गैरहजेरी लावलीत.

७. दि. १७ मार्च रोजी अर्जदार मृत्यूचा दाखला घेऊन आपल्या कार्यालयात आली. तिथल्या कर्मचारी नीतू मॅडम यांनी तिला पाणी दिले, खुर्ची दिली आणि नंतर पुढील माहिती दिली. (अ) अभ्यासातून नाव काढायचे, तर सहभागीने स्वतः येऊन सही करावी लागते. (आ) नाव काढायचे नसून मृत्यू नोंदवायचा आहे, तर त्याचा फॉर्म सहभागीच्या क्रमांकाशिवाय घेता येत नाही. (इ) क्रमांक गोपनीय आहे. अर्जदाराने आपल्याच लिफाफ्यावर ठळक छापलेला ४७ हा आकडा दाखवला. त्यावर, "मैडम, वो तो पार्टिसिपेंट के लिए छपा है," असे सांगण्यात आले. म्हणजे पोस्टमन, शेजारी आणि किराणा दुकानदार यांना जो आकडा दिसू शकतो, तो वारसाने पाहिला तर मात्र पाहिलेला धरायचा नाही. (ई) आणि मृत्यू दुसऱ्या रुग्णालयात झाला असल्याने त्या रुग्णालयाने चोवीस तासांत आपल्याला कळवायला हवे होते. त्या रुग्णालयाला आपला अभ्यास चालू आहे हे कोण सांगणार होते, याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही. बहुधा सहभागीने स्वतः.

८. घोडे पेंड खाते ते यापुढे. वडिलांसोबत त्याच दिवशी स्कॅन झालेले त्यांचे जुने सहकारी श्री. भैयालाल साहू यांनाही पडद्यावर स्वतःच्या मानेत तसाच केशरी डाग दिसला होता. ते निवृत्तीनंतर रसमड्याच्या एका कारखान्यात क्रेनखाली काम करतात. अर्जदाराने त्यांना डॉक्टरांकडे धाडले. डॉक्टर म्हणाले, अरुंदता कमी आहे, डाग पाहायचा तर मूळ प्रतिमा आणा. ती आपण देत नाही. आता त्यांना पाठपुराव्याचा आग्रह केला की ते हसून म्हणतात, "नोनी, चिट्ठी नइ आय हे, माने सब बने हे." पोरी, पत्र आले नाही, म्हणजे सगळे ठीक. अर्जदाराच्या वडिलांनीही नेमकी हीच समजूत करून घेतली होती. शिकलेल्यांच्या गप्प बसण्याला खुशाली समजायचे, ही चूक आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ती आपल्या फार सोयीची आहे.

९. म्हणून अर्जदाराने एप्रिलमध्ये लेखी विचारले की, ज्यांच्या प्रतिमेत डाग आहेत त्यांना ते कळवणार का. संदर्भ क्र. २ मधील आपले उत्तर अर्जदाराला पाठ झाले आहे : "अंतरिम आढाव्यात अधिक दाह असलेल्या गटातील एकाही सहभागीस अनिष्ट घटना घडल्याचे आढळले नाही. सबब वैयक्तिक निष्कर्ष कळवण्याचे प्रयोजन दिसत नाही."

१०. महोदय, हे उत्तर शांतपणे पुन्हा वाचावे. घटना घडली आहे. सहभागी क्र. ४७ यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते वारले. आपला अभ्यास ज्या घटनेची वाट पाहत होता, नेमकी तीच, ज्या बाजूला डाग होता त्याच बाजूच्या धमनीत. आपण ती मोजली नाहीत, कारण ते स्कॅनला आले नाहीत. आणि ते स्कॅनला आले नाहीत, कारण ती घटना घडली. अशा पद्धतीने मोजल्यास केशरी डागाने जगात कधीच कुणी मरणार नाही. जे मरतील, ते गैरहजर असतील. मग तो निर्दोष आकडा पुढे करून जे जिवंत आहेत त्यांनाही काही सांगायचे नाही. अर्जदार रोज पुस्तकांत वावरते. इतका गोल युक्तिवाद तिच्या वाचनात यापूर्वी आलेला नाही.

११. डागाचा अर्थ अजून सिद्ध झालेला नाही, असे आपण म्हणाल. ते खरे आहे आणि अर्जदार ते मान्य करते. लॅडलवरचा प्रत्येक डाग फुटत नाही, हे तिच्या वडिलांनाही माहीत होते. पुष्कळदा अस्तर तपासल्यावर ते शाबूत निघायचे, आणि वरचे लोक वेळ वाया गेला म्हणून कुरकुरायचे. त्यावर वडिलांचे म्हणणे ठरलेले असे : "आधी खालच्या मानसाले हाक मारा. कावून तापली थे मंग पाहू."

१२. सबब विनंती की, सहभागी क्र. ४७ यांच्या नावापुढील शेरा बदलून मृत्यूची तारीख व कारण लिहावे; त्या दुरुस्तीसह अंतरिम आढावा पुन्हा घ्यावा; आणि त्याची वाट न पाहता श्री. साहू यांची प्रतिमा त्यांच्या डॉक्टरांना द्यावी. त्यांची लेखी संमती सोबत आहे. त्यांचा क्रमांक त्यात लिहिलेला नाही, कारण तो गोपनीय आहे. लिफाफ्यावर पाहून घ्यावा.

१३. अर्जदाराच्या वडिलांसाठी आता काहीही करावयाचे नाही. त्यांच्याबद्दल खेद कळवू नये. श्री. साहू यांची पाळी सकाळी आठला सुरू होते. हा अर्ज आपण ज्या वेळी वाचत असाल, त्या वेळी ते खाली उभे असतील.

नम्रतेत कसूर झाली नसेल अशा आशेने,
आपली,

(सही)
रत्नमाला पुंडलिक मेश्राम

सोबत :
१. मृत्यूचा दाखला व रुग्णालयाचे कागद, छायाप्रती.
२. आपली तीन पत्रे, लिफाफ्यांसह.
३. संमतिपत्र, मराठी प्रत. कलम ११ अधोरेखित.
४. श्री. भैयालाल साहू यांची लेखी संमती.
५. खडूचा एक तुकडा. वडिलांच्या कामाच्या शर्टाच्या खिशातला आहे. परत पाठवू नये, वापरावा.