मनोहरच्या जेवणाचा आवाज

४ फेब्रु.
वरणाचा भुरका. मग भाताची मचमच. मग बोटं चाटणं, एकेक, सावकाश. मी ताट उचलून आतल्या खोलीत गेले, दार लावलं. आवाज दाराखालून आला. शिसारी. अंगावर पाल पडावी तशी.
मनोहरने काहीच केलं नव्हतं. जेवत होता. एस.टी.च्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून दोन्ही वेळा घरी जेवतो. इतकी वर्षं दुपारी त्याचा डबा, रात्री माझ्या सभा. माझा नवरा जेवतो कसा, हे मला माहीतच नव्हतं की काय!
संध्याकाळी म्हणाला, "तुले त्रास होते ना वं? मी गॅलरीत बसत जातो जेवाले."
मी नको म्हटलं नाही.

७ फेब्रु.
सभा. विहाराचं पटांगण, गर्दी उत्तम. विषय माझा नेहमीचा, एक पंगत. "ज्याच्या शेजारी तुम्ही ताट मांडत नाही, त्याला भाऊ म्हणू नका!" टाळ्या थांबेनात.
नंतर जेवणं. माझ्या शेजारची जागा मनोहरसाठी ठेवलेली. तो ताट घेऊन पार टोकाला, स्वयंपाक्यांजवळ जाऊन बसला. महिला मंडळाच्या सुशीलाबाई ओरडल्या, "काहून गा भाऊजी, मॅडमसंग भांडण झालं काय?"
"नाही वं बाई, तिकडे तिखट जास्त हाय."
सगळे हसले. मीही. हे लिहिताना त्या हसण्याची ओकारी येते आहे.

१० फेब्रु.
धाकट्या बहिणीची मुलगी प्राची धंतोलीतल्या प्रयोगशाळेत संशोधन करते. माणसाचा स्वभाव आणि आवाज ऐकताना त्याच्या मेंदूत उठणाऱ्या लहरी, यांचा काही मेळ लागतो का ते बघतात. माणसं हवी आहेत तिला. म्हटलं, मला घे.
तिला वाटलं, मावशीचं विज्ञानप्रेम. ते आहेच. पण मला हवं आहे वेगळंच. कोणीतरी सांगावं की बाई, दोष तुझ्या मेंदूचा, तुझा नाही. जन्मभर व्यासपीठावरून सांगत आले, माणूस स्वतःला घडवतो. 'मी असाच आहे' म्हणणाऱ्यांना सोलून काढलं. आणि आता स्वतःच सबब मागायला...

१४ फेब्रु.
आधी प्रश्न. 'मी पटकन चिडते.' हो. 'मला दुसऱ्याच्या भावना कळतात.' पूर्ण सहमत, असं ठोकून दिलं. हात सभेच्या सवयीने चालला.
मग डोक्यावर तारांची टोपी, केसांत चिकट जेल. कानात आवाज. टिंग टिंग. काचेवर नख. रडणारं बाळ. मग एक पुरुष, काहीतरी चावून चावून खाणारा. मी खुर्ची घट्ट धरली.
काही नाही. तो मचमच करत राहिला आणि मी रविवारच्या भाषणाचे मुद्दे जुळवत बसले.
बाहेर आल्यावर प्राचीला सगळं सांगितलं. म्हणाली, "मावशी, आम्ही खूप लोकांचं एकत्र बघतो गं. तुझ्या एकटीबद्दल यातून काही सांगता नाही येणार. आणि असा त्रास घरच्याच माणसाचा जास्त होतो, असं बरेच जण सांगतात. मावसाजींच्या जेवणाचं रेकॉर्डिंग आण ना. अभ्यासात नाही धरणार, नुसतं बघू."
म्हणजे मचमच नाही. मनोहर.
घरी येऊन केस तीनदा धुतले. चिकटपणा जात नाही.

१५ फेब्रु.
त्याला सांगून टाकलं, परक्या माणसाचंही. तो संत्रं सोलत होता. हात थांबला.
"म्हणजे दुसरा कोणी चालते."
"तसं नाही रे..."
"बरं." उरलेलं संत्रं सोलून झाल्यावर, "करून देतो ना वं रेकॉर्ड. त्यात काय."
या सोशिकपणाचीही मला घाण वाटते! माणसाने ताट भिरकावून द्यावं. ओरडलेच त्याच्यावर, "चिडत का नाहीस?"
"मी चिडलो तर तुले जेवण जाईन काय?"
सोललेलं संत्रं त्याने खाल्लं नाही.

१७ फेब्रु.
मनोहर सकाळच्या बसने नरखेडला, भावाकडे. "संत्र्याचा तोडा सुरू हाय. माणसं कमी पडून राहिले." कधी येशील? "पाहू."
स्वतःचं ताट पंच्यात गुंडाळून नेलं. तोड्याला जाणारा माणूस घरून ताट नेत नाही.

१८ फेब्रु.
घर शांत. हेच हवं होतं ना! जेवले. पचलं नाही.

२० फेब्रु.
दुपारी व्हॉट्सॲपवर मनोहरचं रेकॉर्डिंग. खाली लिहिलेलं: 'वरण-भात. मुद्दाम आवाज केला नाही. रोजच्यासारखा जेवलो. पोरीले दे.'
प्राचीचा फोन, "आलं का गं?" नाही म्हणाले. खोटं.
ताट वाढून घेतलं. तो बसतो तिथे फोन ठेवला आणि लावला. आधी त्याची वहिनी, "भाऊजी, अजून घेजा." मग तो हसला. मग भुरका.
आलीच शिसारी. पोटातून, तशीच. मेंदू म्हणा, स्वभाव म्हणा, मला आता त्याचं नावही नको. फोनकडे हात गेला, मागे घेतला. एक घास गिळला. रेकॉर्डिंग संपलं. पुन्हा पहिल्यापासून लावलं आहे.
दुसरा घास उजव्या हातात आहे. हे डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर वाकडं