सोबतीची खुर्ची

ता. ८, मंगळवार

प्रिय ताईस,

नमस्कार. मी मजेत आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते, मी मजेत आहे. अक्षर वेडंवाकडं आलंय त्याला हसू नकोस. उजव्या हाताला कापलंय, पट्टी आहे. दिवसभर सुऱ्या हाताळणाऱ्यांचं हे व्हायचंच. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची सकाळची पाळीच चालू आहे ना अजून? बबडी कशी आहे? जेवते का नीट?

तू माझा फोन कट करतेस म्हणून हा कागद. कागद फार तर फाडशील. पण शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फाडू नकोस, तुला माझी शपथ आहे.

माझ्यावर कॉलेजात कारवाई चाललीये. हस, हस. चाळिशी उलटलेली बाई केस रंगवून पोरांच्या वर्गात जाऊन बसली, आता हेडमास्तरांसमोर अंगठे धरणार. तू म्हणालीच होतीस, "या वयात कसली कॉलेजं करतेस?" कम्युनिटी कॉलेजात हेडमास्तर नसतात बाई, वर्तन अधिकारी असतात. आमच्या वर्तन मॅडमचा आवाज फार मऊ. त्या मऊ आवाजातच त्यांनी मला निलंबित केलं. शुक्रवारी समितीपुढे सुनावणी आहे.

काढून टाकलं तर स्वयंपाकाचा कोर्स अगदी संपता संपता पाण्यात, आणि हॉस्पिटलच्या भटारखान्यातली नोकरीही गेली. ती सर्टिफिकेटवरच मिळणार आहे. ताई, मला ती नोकरी हवीये गं. आम्हाला शिकवणारे शेफ कुणाला म्हणून चांगलं म्हणत नाहीत. त्यांनी माझं सूप चाखलं आणि काही न बोलता दुसरा चमचा घेतला. त्या दिवशी मी घरी येऊन एकटीच नाचले होते.

आरोप असा आहे की मी सुरी कॉलेजच्या भटारखान्याबाहेर नेली आणि एका विद्यार्थिनीवर रोखली. आमच्याकडे वर्ग संपला की प्रत्येकाने आपल्या सुऱ्या पुसून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवायच्या. गुंडाळी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, दाराबाहेर तर नाहीच नाही. त्या मुलीबद्दल आत्ता विचारू नकोस. तिला काही झालेलं नाही.

माझं मागणं वेगळंच आहे. सुनावणीला आपला एक सोबती नेता येतो. त्याला शेजारी खुर्ची मिळते. त्याने नुसतं बसायचं, फार तर पाणी द्यायचं. बोलायचं नाही. बोलला की बाहेर! हे वाचलं आणि मला तू आठवलीस, मला हसूच फुटलं. दवाखान्यात डॉक्टरलाच पथ्य सांगणारी तू, आणि गप्प बसणार? पण मला तूच हवीस. शाळेत मी ओरडा खाऊन आले की तू आधी मला फटकवायचीस आणि मग बाईंशी भांडायला जायचीस. शुक्रवारी ये ना. भांडू नकोस, फक्त बस.

घरी येऊन सांगितलं असतं, पण सध्या मला तुझ्याकडे येता येत नाहीये. रागाने नाही. म्हणजे राग होताच. "बबडीवर इतकी ओरडू नकोस" असं मी म्हटलं, तर तू फाडकन म्हणालीस, "स्वतःला मूल नाही आणि मला शिकवतेस?" लागलं मला ते, खूप लागलं. पण कारण ते नाही.

बबडी जेवते का? तिच्या खोलीत अधूनमधून डोकावत जा. असंच म्हणतेय.

बाकी उद्या लिहीन, हात दुखतोय.

बुधवार

ताई, कालचं सगळं राहू दे. मी तुझ्या घरी आहे. बबडीच्या खोलीत, तिच्या पलंगाशी बसून लिहितेय. ती बरी आहे. हे वाक्य आधी पुन्हा वाच आणि मगच पुढे जा. ती बरी आहे.

ती विद्यार्थिनी म्हणजे आपली बबडी.

मी तिच्यावर सुरी रोखली नाही गं. मी ती तिच्या हातातून काढून घेतली.

तिचे तास संपले की तुला ती कॉलेजच्या लायब्ररीत जाते म्हणायची ना? ती माझ्याकडे यायची. आमचा वर्ग सुटला की भटारखान्याच्या मागच्या दाराशी उभी असायची, मी तिला उरलेला पाव द्यायची. हिशेबाच्या विषयांत ती नापास होत चाललीये, तुझ्या भीतीने घरी बोलली नाही. माझ्याशीही फार बोलायची नाही, पाव कुरतडत बसायची. सोमवारी मी तिला आत घेतलं. मोठं पातेलं उतरवायचं होतं, दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून गुंडाळी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "धर जरा." मीच दिली, ताई. पातेलं खाली ठेवून वळते तर बबडी नाही.

बाथरूमला तिने कडी लावली नव्हती, तेवढं नशीब. आत काय होतं ते मी लिहिणार नाही. पोरीला जगणं नकोसं झालं होतं, एवढंच लिहिते. तिच्या अंगावर ओरखडाही नाही. कापलं ते मला, मी पातं धरलं म्हणून. तिला भिंतीशी दाबून धरलं आणि मी किंचाळत होते. तेवढ्यात सिक्युरिटीवाला आला. त्याला माझा रक्ताळलेला कोट दिसला, हातात उघडी सुरी, भिंतीशी रडणारी पोर. बिचाऱ्याने दुसरं काय समजायचं? त्याने तिला विचारलं, "काय केलं यांनी?" ती गप्प. आत मला म्हणाली होती, "मावशी, आईला सांगू नकोस." म्हणून मी त्याला म्हटलं, "सुरी माझी, चूक माझी."

मला वाटलं, मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवीन. तर काल बंदीचा कागद हातात पडला. तिला भेटायचं नाही, फोन नाही, तिच्या घरी जायचं नाही, कुणाकरवी निरोप नाही. मोडलं तर थेट नाव काढून टाकणार. मी म्हटलं, "अहो, ती माझी भाची आहे." मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच." खरं सांगितलं असतं तर तिथेच सुटले असते, पण शब्द दिला होता ना तिला. आणि तो पाळत मी काल तुला गुडघे कसे आहेत विचारत बसले. गाढव आहे मी.

आज सकाळी तिची मैत्रीण माझ्या दारात. तिच्या हातात बबडीचं घड्याळ, तू दिलेलं. बबडीने तिला देऊन टाकलं होतं, म्हणे, "ठेव तुला, मला नको आता." चपला पायात होत्या की नाही, देवाला ठाऊक. धावत आले. दार तिनेच उघडलं. उघडल्या उघडल्या गळ्यात पडली.

मग मीच मॅडमना फोन करून सांगितलं, बंदी मोडलीये. त्यांनी का ते विचारलं. मी नाही सांगितलं. ते बबडीचं आहे, तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. तेव्हा माझं कॉलेज संपलं असं धर. रडू येतंय, खोटं कशाला बोलू. पण ते नंतर.

तुला सांगू का, असं मी तिला विचारलं. तिने मान डोलावली. संध्याकाळी डॉक्टरकडे जायलाही तयार झालीये. तुमच्या कारखान्यात फोन फाटकावरच जमा करतात, म्हणून भाऊजींकडे हे देतेय. ते आत्ताच पाळीवरून आलेत. म्हणाले, "मला हे तोंडाने सांगता येणार नाही, तूच लिही."

शुक्रवारी येऊ नकोस. आत्ता ये. वाटेत काय रडायचं ते रड, मला शिव्या दे, भाऊजींना दे. पण दारातून आत येशील ती सोबती म्हणून ये. पलंगाशेजारी तुझ्यासाठी खुर्ची ठेवलीये. तिच्यावर बसायचं, पाणी द्यायचं. का, कशाला, कसं, काही म्हणजे काही विचारायचं नाही. ती आपणहून बोलेपर्यंत गप्प राहायचं. तुला जमणार नाही असं काल मी हसून लिहिलं होतं. जमव, ताई, तुझ्या पाया पडते.

उजव्या हाताने हे लिहितेय, डाव्यात तिचा हात आहे. तू खुर्चीत बसेपर्यंत सोडत नाही.

तुझी
धाकटी