मांडलेला पाट

ता. १ जानेवारी १९६२

कळंबला आलो. उमरग्याहून सकाळी मोटारीनं निघालो ते दिवस मावळायच्या आत पोचलो. लोणच्याची एक बरणी सोडली तर काही फुटलं नाही. ह्यांची बदली तहसील कचेरीत झालीय. घर चांगलंय. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि आड अंगणातच. उमरग्यात पाण्यासाठी उजवा पाय ओढत अर्धा कोस चालत होते, ते सुटलं. महानंदा आल्या आल्या चार भाकऱ्या खाऊन झोपली. एकुलती एक पोर, एकोणीस संपलं, खायला मला भारी. खाऊ दे.

ही डायरी ह्यांना कचेरीत मिळाली, ह्यांना नको होती. मी दुसरीपर्यंत शिकले, तेही निजामाच्या वेळी. शाळा उर्दू होती. मराठी अक्षरं भावानं चुलीच्या राखेत काढून दाखवली. तरी लिहिणार. चुकलं तर चुकलं, तपासणार कोण आहे?

ता. ३

शेजारच्या सरोजिनीबाईंनी चहाला बोलावलं. गोपाळकृष्ण मास्तरांची बायको. त्यांच्याकडं पुण्याचं मासिक येतं म्हणून बोलणंही सगळं मासिकातलं. बैठकीत जाऊन बघते तर पितळेच्या पिकदाणीत गुलाब! मी म्हटलं, बाई, ह्यात थुंकतात. तर म्हणाल्या, थुंकणारे गेले हो, आता ही शोभेची वस्तू. हुक्क्याच्या बुडाचा दिवा केलाय. भिंतीला घोड्याच्या रिकिबी टांगल्यात. मोडक्या दाराची फळी चार विटांवर ठेवलीय, तिला टेबल म्हणायचं.

जहागिऱ्या गेल्यापासून मोठ्या घरांतलं सामान बाजारात येतंय आणि ह्या कचेरीवाल्यांच्या बायका त्यावर तुटून पडल्यात. ज्याच्या बैठकीत जुनं नाही तो अडाणी. मी तोंडावर सांगितलं, आमच्या घरात जुनी एवढी मीच. त्या हसल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या की लातूरकडचे लोक बैठक बघून माणूस जोखतात.

ते मात्र लागलं मला. एकवीस तारखेला लातूरचे पाहुणे महानंदाला बघायला येणार आहेत. आधीच्या दोन जागा मोडल्या. ही मोडता कामा नये.

ता. ५

बाजारात गेले. मागच्या अंगाला गोणपाटावर जुनं सामान घेऊन बसतात. छताला टांगायच्या बिनकाचेच्या हंड्या, बिनझाकणाचे पानडबे. एकजण कुणाच्या तरी बापाचा फोटो विकत होता. म्हणाला, चौकट शिसवीची आहे, बाप काढून टाका. काय ही माणसं!

कडेला कस्तुराबाई म्हणून एक बांगड्यावाली बसते. तिच्या टोपल्यांच्या मागं एक पाट उभा होता. काळा, शिसवीचा, चारी कोपऱ्यांना पितळी फुलं, मधली जागा बसून बसून खोलगट झालेली. मला तोच हवा झाला. ती द्यायला तयार नव्हती. मी सोडते होय. शेवटी म्हणाली, न्या, पण मांडून ठिवू नका बाई, मांडलं की वाढतंय.

आता बांगडी फुटली तर फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. बांगडीवाल्यांची बोलीच ती. मी पाटावर मूठ आपटून दाखवली. म्हटलं, अहो हे शिसव आहे, काच नव्हे, कसलं वाढतंय? तिनं पैसे मोजून घेतले.

घरी आणून बैठकीत मधोमध मांडला. जेवण झालं की पाट उचलून भिंतीला उभा करतात, ते मलाही कळतं. पण उभ्या पाटावर फुलांचा तांब्या कसा राहणार? वर झेंडू ठेवले. झकास दिसतंय. सरोजिनीबाई जळतील.

ता. ६

येळवस, म्हणजे वेळा अमावास्या. सगळा गाव शेतात. ह्यांच्या कचेरीतला शिपाई धोंडीबा आम्हाला त्याच्या शेतात घेऊन गेला. भज्जी, उंडे, आंबील. महानंदा एवढी आंबील प्याली की धोंडीबाची बायको म्हणाली, अक्का, पोरीला सासर लांबचं बघा, जवळचं बुडंल.

तिसऱ्या प्रहरी परत आलो. कुलूप लावलेलं तसंच. फुलांचा तांब्या पाटावरून खाली ठेवलेला. सांडलेला नाही, नीट बाजूला ठेवलेला. पाटाला हात लावला तर ऊब होती, माणूस नुकतंच उठून गेल्यावर असते तशी.

मांजर असेल. मांजर तांब्या उचलून ठेवतं का, असं हे विचारत होते. मी म्हटलं, कळंबचं मांजर आहे.

ता. ९

दुपारी जेवायला वाढलं. आम्ही तिघं. मी ताटं चार वाढली. हात आपोआप गेला. चौथं कुणाचं म्हणून विचारलं तर हे म्हणाले, वाढलंस तू आणि विचारतेस मला? चौथं ताट बैठकीत होतं, त्या पाटासमोर. मी ठेवलं नव्हतं.

भांडी घासायला घेतली तेव्हा चारही ताटं उष्टी. चौथं पुसून काढल्यासारखं साफ.

ता. ११

नऊ भाकऱ्या केल्या, कमी पडल्या. महानंदाला अर्धीच मिळाली. कुरकुर केली नाही. ही पोर आणि कुरकुर नाही?

ता. १३

पाट उचलून भिंतीला उभा केला. आडावर जाऊन दोन घागरी आणल्या तोवर परत मांडलेला. मग कुऱ्हाड घेऊनच आले. पाटासमोर ताट होतं, भरलेलं, भात वाफाळत होता. कुऱ्हाड वर गेली ती तिथंच राहिली. कुणाला भरल्या ताटावरून उठवायचं नसतं. आईनं हाडात घातलेलं आहे, हात चालेना.

माझाच मला राग आला. कोण बसलंय तिथं? कुणीच नाही. तरी हात चालेना.

ता. १४

संक्रांत. सरोजिनीबाई तिळगूळ घेऊन आल्या. पाटाचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, तुमची धाकटी गोड आहे हो, पण फार गप्प असते.

मला धाकटी नाही. तसं सांगितलं. त्यांनी माझ्याकडं विचित्र नजर टाकली आणि म्हणाल्या, पुढच्या महिन्यात आठ ग्रह एकत्र येणार म्हणे, ह्या अष्टग्रहीच्या भीतीनं गावातली बरीच डोकी फिरलीत. वर निघताना बैठकीकडं हात करून कुणाला तरी येते गं म्हणाल्या.

ता. १६

आज मोजून तीन ताटं वाढली. एक दोन तीन म्हणत. हे बसले. मी बसले. तिसरं ताट बैठकीत गेलं. कुणी नेलं ते बघितलं नाही, डोळ्यांसमोर असून बघितलं नाही. महानंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिला ताट नाही. ह्यांना म्हटलं, पोरीला ताट नाही. तर म्हणाले, वाढलंय की, तिघांची तीन, शुद्धीवर ये.

आत नेऊन तिला भरवायला बसले. भूक नाही अव्वा, म्हणाली. घास तोंडातून परत आला.

ता. १९

पाट डोक्यावर घेऊन बाजारात गेले. कस्तुराबाई लांबूनच हात हलवायला लागली. शिवत नाही म्हणाली. मी नाही नाही ते बोलले तिला. तीही बोलली. म्हणाली, म्या बांगडीची बोली बोलले न्हाय. माणूस वाढतंय म्हणाले. घरात खाणारं तोंड वाढतंय. तुमीच मूठ आपटून दावली.

मग सांगितलं. देशमुखाच्या घरी एक पोर होती, लांबच्या नात्यातली, आश्रित. दुष्काळाचं साल. पंगतीत कुणी मोठा पाहुणा आला म्हणून तिला ह्या पाटावरनं, अर्ध्या ताटावरनं उठवली. ती गेली ती कुठं गेली कुणाला ठाऊक नाही. तवापासनं रिकामा पाट मांडला की बसती. बसलेलं असलं कुणी तर बसत न्हाय.

मी विचारलं, उठवायचं कसं? ती म्हणाली, उठवलं म्हणून तर झालं सगळं.

परत घेऊन आले. रस्त्यात पाट जड झाला. चौकातली दोन माणसं हसली. म्हणाली, पोरीला डोक्यावर घेऊन कुठं निघाली बाई?

ता. २१

पाहुणे आले. महानंदाला माझं हिरवं पातळ नेसवून आत बसवली. चहा ओतत होते, इतक्यात बैठकीतून आवाज आला, मुलाच्या बापाचा, गुरुसिद्धप्पांचा. मुलगी पसंत आहे म्हणाले.

मी अजून तिला बाहेर नेलीच नव्हती.

पडदा सारला. पाटावर पाठमोरी एक बसलेली. हिरवं पातळ. वेणी. हे तिच्या शेजारी बसून हसत होते. मागं वळून बघितलं तर महानंदा चुलीपाशी, तेच पातळ नेसलेली, हात गुडघ्यांत घालून. अव्वा, मला कधी बोलावणार, म्हणाली.

चहा हातावर सांडला. भाजलं का, असं कुणी विचारलं नाही. सुपारी फुटली.

ता. २२

पोरीच्या बांगड्या हातातून गळून पडतात. हे तिच्या अंगावरून गेले, बाजूला झाले नाहीत. मला विचारतात, ही दारात कोण उभी असते?

तुमची पोर आहे, म्हणून ओरडले. आमची पोर बैठकीत बसलीय म्हणाले.

ता. २३

लक्ष ठेवलंय. दुपारचं जेवण झालं की पाटावरची ती हात धुवायला आडावर जाते. तेवढाच वेळ पाट रिकामा. बसलेलं असलं कुणी तर बसत नाही. महानंदा आज पाणी पण—

मी अजून खाऊनपिऊन धड आहे. मी बसणार.

ता. २४

बसलेय. डायरी मांडीवर. मुद्दाम आणली, कुणी बघो न बघो, लिहिलेलं राहील.

ती आडावरून आली. उंबऱ्यात थांबली. मी उठले नाही. उठत नाही जा—

बराच वेळ थांबली. मग स्वयंपाकघराकडं गेली. पायांचा आवाज माझ्यासारखा, उजवा पाय ओढत—

महानंदा बाहेर आली. चालत. ह्यांनी तिला हाक मारली, नावानं! ये गं, म्हणाले, आज उशीर झाला. ह्यांचं जेवण झालेलं, तरी आतून परत पानं वाढून आलीत. बसली. भाकरी मोडली. खातेय. खातेय माझी पोर. खा, अजून खा—

मी हाक मारली. ऐकलं नाही. परत मारली. हे माझ्या डोक्यावरून खिडकी बघतात.

उठता येत नाही. पाय आहेत पण—

तीन ताटं आहेत. तिसरं कुणाचं—

महानंदानं स्वयंपाकघराकडं तोंड केलं. अव्वा, म्हणाली, अजून एक भाकरी दे की, लई भूक लागलीय.

आणि आतून, माझ्या आवाजात, आले गं बाई आ