बाबांनी ओळखलेलं खडप

मालवण, शुक्रवार, १२ डिसेंबर १९५८

आज अकरावीच्या वर्गात आईने केलेलं काकडीचं धोंडस, आमचा कोकणी केक, शिकवायला घेऊन गेले. पुस्तकात लिहिलंय, अणू म्हणजे पुडिंग आणि इलेक्ट्रॉन म्हणजे त्यातले मनुके. पुडिंग इथे कोणी पाहिलंय? धोंडसातले काजू दाखवले, मुलांना लगेच कळलं.

संध्याकाळी बाबा जाळं सांधत बसले होते, त्यांना हे सांगितलं. पुढचंही सांगितलं, की ते चित्र चुकीचं निघालं. विलायतेतल्या एका साहेबाने सोन्याच्या पातळ पत्र्यावर बारीक कण सोडले, बहुतेक आरपार गेले, थोडे उलटे फिरले. का, ते मी सांगणारच होते. बाबांनी मानही वर केली नाही.

"मगे आत खडप आसा गो. जाळा सगळीकडे सरळ येता आणि एके जाग्यार अडाकता, तेव्हा खाली खडक आसता. बघूक बुडी कित्याक मारूक व्हयी?"

अणुकेंद्र! साहेबाला वर्षं लागली. शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या बाबांना जाळ्याची एक गाठ मारण्याइतका वेळ.

आणि मी शाळेत सांगत आलेय, वडील व्यापार करतात. का सांगत होते मी?

उद्या फळ्यावर अणू काढून मधोमध खडप दाखवणार. कोणी ओळखलं, तेही सांगणार. माझ्या बाबांनी. समुद्रातून रापणीचं जाळं ओढतात ते.